आधी त्या फोनबद्दल बोल, घराचं मग ठरव

पत्र (ऑगस्ट २०२०)

मी सांगलीची. मेलबर्नला मास्टर्स करते. कार्लटनमधल्या फ्लॅटमध्ये मार्चपासून माझ्याबरोबर मेई (नाव बदललं आहे) राहते. ती चीनच्या सिचुआन प्रांतातली. आमचं छान जमायचं, पण जुलैपासून ती खोलीबाहेर येईनाशी झाली आहे. ऑनलाइन लेक्चरंही बहुतेक बुडवते. मी झोपल्यावर स्वयंपाकघरात येऊन काहीतरी उकळून खाते. आईवडिलांचा व्हिडिओ कॉल असला की केस विंचरते, लिपस्टिक लावते, पुस्तकांच्या कपाटापुढे बसून हसत बोलते. कॉल संपला की दिवा बंद. गेल्या आठवड्यापासून तिला सारखे फोन येतात, ती दार लावून हळू बोलते. विचारलं तर म्हणाली, वकिलातीतून आहेत, कागदपत्रांचं काम आहे, कुणाला बोलू नकोस. परवा तिने माझ्याकडे दोन हजार डॉलर उसने मागितले. माझंच कॅफेतलं काम मार्चमध्ये गेलं, मी कुठून देऊ? इकडे आईचं रोज एकच, ते घर सोड. गलवाननंतर तर ती काही ऐकूनच घेत नाही. मामा म्हणतो, चिन्यांकडे पैसा बख्खळ असतो, ती नाटकं करते. मला मेईची काळजी वाटते आणि रागही येतो. अख्खं लॉकडाऊन मी एका बंद दारासमोर काढते आहे. घर बदलू का?

उत्तर

घर बदलायचा प्रश्न तू शेवटी विचारला आहेस आणि फोनचं मधेच दोन ओळींत उरकलं आहेस. मी फोनपासून सुरुवात करते. ते काम आजच व्हायला हवं. बाकीचं आठवडाभर थांबलं तरी चालेल.

वकिलातीतून फोन येतो, कुणाला सांगायचं नाही अशी ताकीद मिळते आणि लगेच पैशांची निकड लागते. या तीन गोष्टी एकत्र आल्या की माझ्या मनात दुसरी शंकाच येत नाही. मेई बहुतेक एका टोळीच्या तावडीत सापडली आहे. जुलैच्या शेवटी न्यू साउथ वेल्सच्या पोलिसांनी याबद्दल जाहीर इशारा दिला. या वर्षात तिथे अशी आठ प्रकरणं झाली आणि चिनी विद्यार्थ्यांच्या घरच्यांनी मिळून ३२ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर भरले. त्यातल्या एका बापाने एकट्याने वीस लाखांच्या वर दिले, कारण हातपाय बांधलेल्या लेकीचा व्हिडिओ त्याला आला होता. त्या मुलीला कुणी पळवलेलंच नव्हतं. फोनवरच्या माणसांनी धमकावून तो प्रकार तिच्याकडूनच करून घेतला होता.

याची रीत ठरलेली आहे. मँडरिनमध्ये फोन येतो. बोलणारा कुरिअर कंपनीचा किंवा वकिलातीचा असल्याचं सांगतो. तुझ्या नावाच्या पार्सलमध्ये बेकायदा माल सापडला, किंवा तुझी ओळख वापरून चीनमध्ये गुन्हा झाला, असं काहीतरी असतं. मग फोन ‘चिनी पोलिसां’कडे जातो. अटक होईल, परत पाठवतील, आईवडिलांवर बालंट येईल. यातून सुटायचं तर अमुक खात्यात पैसे भर आणि कुणाशी बोलू नकोस, प्रकरण गुप्त आहे. पैसे संपले की मुलीला सांगतात, घरच्यांशी बोलणं तोड, हॉटेलात खोली घे, बांधलेल्या अवस्थेतला फोटो काढ. तो फोटो आईवडिलांकडे जातो. मेईची गाडी उसने मागण्यापर्यंत आली आहे, म्हणून मी घाई करते आहे.

मास्टर्स करणारी मुलगी अशा थापेला भुलते कशी, असं तुझ्या मनात येईल. या सहा महिन्यांत चिनी वकिलातींचा आणि विद्यार्थ्यांचा संबंध खरोखरच वाढला आहे. मास्क, जंतुनाशक पुसण्या आणि औषधं भरलेली आरोग्य-पाकिटं वकिलातींनी जगभरातल्या विद्यार्थ्यांना वाटली. विमानं, नोंदणी, घरी परतण्याचे नियम, सगळं वकिलातीच्या सूचनांवर चाललं आहे. अशात तिकडून फोन आला तर तो खोटा असेल असं कुणाला वाटेल? शिवाय स्क्रीनवर वकिलातीचा खरा नंबर दिसेल अशी सोयही हे लोक करतात. आणि जी मुलगी महिनाभर कुणाशी धड बोललेली नाही, तिला ‘कुणाशी बोलू नकोस’ असं वेगळं बजावायलाही लागत नाही.

तर आज संध्याकाळी हे कर. दार वाजवून उलटतपासणी घेऊ नकोस. आधी तिला वीचॅटवर निरोप पाठव, म्हणजे वाचायला आणि सावरायला तिला वेळ मिळेल. सरळ लिही: ‘तुला येणाऱ्या फोनसारखे फोन इथे बऱ्याच चिनी विद्यार्थ्यांना आले आहेत. पोलिसांनी इशारा दिला आहे. तू काही चुकीचं केलेलं नाहीस. आपण एकत्र बघू.’ सोबत पोलिसांच्या इशाऱ्याची बातमी जोड. ऑस्ट्रेलियातल्या चिनी भाषेतल्या बातम्यांमध्येही हा विषय आलेला आहे, तिच्या भाषेतलं सापडलं तर फारच चांगलं. मग दोघी मिळून टूरॅकमधल्या चिनी कॉन्सुलेटच्या अधिकृत संकेतस्थळावरून नंबर काढा आणि तिलाच फोन करू दे. तिला फोनवर दिलेला नंबर मुळीच वापरायचा नाही. वकिलात फोनवरून पैसे मागत नाही हे तिने तिथल्या माणसाच्या तोंडून ऐकलं, तर तुझ्या दहा वाक्यांचं काम एका वाक्यात होईल.

पैसे गेलेले असतील तर त्याच क्षणी बँकेला कळवा, मग पोलिसांत तक्रार करा. फसवणुकीची तक्रार केली म्हणून व्हिसा जात नाही, हे तिला दोनदा सांग. ती नक्की त्यालाच घाबरली असणार. तिच्या आईचा वीचॅट संपर्क मागून घे आणि आपल्याकडे ठेव. तिच्या घरच्यांना विचित्र फोटो किंवा फोन आलाच, तर लेक शेजारच्या खोलीत सुखरूप आहे हे सांगणारं कुणीतरी हवं. ती न सांगता बॅग घेऊन निघून गेली तर सकाळची वाट बघू नकोस, ००० या आणीबाणीच्या नंबरला फोन कर. दोन हजार डॉलर मात्र देऊ नकोस, तुझ्याकडे असते तरी देऊ नकोस.

माझा अंदाज चुकला आणि ते फोन खरोखर कागदपत्रांचे निघाले, तर मला आनंदच होईल. बिघडलं काहीच नसेल, शिवाय त्या दाराआड काय चाललंय ते तू विचारलंस एवढं तरी तिला कळेल.

आता त्या दाराबद्दल.

तू लिहिलं नाहीस, पण सिचुआनची मुलगी मार्चपासून मेलबर्नला आहे म्हणजे ती नववर्षाच्या सुट्टीला घरी गेली होती का, ते एकदा विचार. या वर्षी चिनी नववर्ष २५ जानेवारीला होतं. १ फेब्रुवारीला ऑस्ट्रेलियाने चीनहून येणाऱ्या परदेशी लोकांना दार बंद केलं आणि घरी गेलेले लाखाच्या आसपास विद्यार्थी तिकडे अडकले. मग अनेकांनी दुसरी वाट धरली. थायलंड, मलेशिया, दुबई अशा कुठल्या तरी तिसऱ्या देशात चौदा दिवस काढायचे आणि तिथून इकडे यायचं. अनोळखी शहरातल्या हॉटेलात पंधरवडा बसून, वर्षाचं शिक्षण वाचवायला ही मुलं आली. २० मार्चला ऑस्ट्रेलियाने सगळ्यांनाच सीमा बंद केल्या आणि वर्ग ऑनलाइन गेले. जे लेक्चर त्यांना घरी आईच्या हातचं जेवून ऐकता आलं असतं, ते आता ती कार्लटनमधल्या खोलीत एकटी ऐकते आहे.

परत का जात नाही, असं तुझा मामा विचारेल. जायचं कसं? २९ मार्चपासून चीनने आपल्या प्रत्येक विमान कंपनीला एका देशासाठी एकच मार्ग आणि आठवड्याला एकच उड्डाण एवढंच ठेवलं. जूनमध्ये आणखी एक नियम आला: एका विमानातून आलेले पाच प्रवासी बाधित निघाले तर ते उड्डाण आठवडाभर बंद. तिकीट मिळालं तरी ते केव्हा रद्द होईल याचा भरवसा नाही. आणि एकदा ऑस्ट्रेलिया सोडलं की विद्यार्थी व्हिसावर परत येता येत नाही. इकडे ३ एप्रिलला, म्हणजे चिनी विमानं आटल्यावर आठवडाही उलटला नव्हता तेव्हा, पंतप्रधान स्कॉट मॉरिसन म्हणाले की ज्या परदेशी लोकांना इथे स्वतःचा खर्च भागवता येत नाही त्यांनी मायदेशी परतावं. पगार चालू राहावा म्हणून सरकार देत असलेली ‘जॉबकीपर’ची मदतही तात्पुरत्या व्हिसावरच्यांना नाही, हे तुला मी सांगायला नको.

आणि मायदेश तरी ‘ये बाळ’ म्हणत होता का? मार्चमध्ये परदेशातून परतणारे विद्यार्थी चीनमध्ये रोग आणतात म्हणून तिथल्या समाजमाध्यमांवर त्यांची यथेच्छ निंदा झाली. एक वाक्य तर घराघरांत पोचलं: गाव उभारताना तू कुठे नव्हतास, हजारो मैलांवरून विष आणायला मात्र सगळ्यांच्या पुढे. वीस-बावीस वर्षांच्या मुलीने हे आपल्याच भाषेत, आपल्याच लोकांकडून वाचायचं आणि मग मेलबर्नच्या रस्त्यावर कुणाकडून तरी ‘तुमच्या देशात चालती हो’ ऐकायचं. एप्रिलच्या मध्यात भर शहरात दोन चिनी विद्यार्थिनींना मारहाण झाली, त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. मेईनेही पाहिला असणार, आणि तिच्या आईनेही. जूनमध्ये चीनच्या शिक्षण मंत्रालयाने ऑस्ट्रेलियात शिकायला जाताना विचार करा असा इशारा दिला. दोन सरकारांच्या भांडणाचा त्यात किती भाग आहे ते बाजूला ठेव. तिच्या घरी टीव्हीसमोर बसलेल्या माणसांना त्यात एवढंच दिसतं की आपली मुलगी धोक्यात आहे.

मास्कचंच बघ. फेब्रुवारी-मार्चमध्ये चिनी मुलं मास्क लावून फिरायची तर लोक बाजूला सरकायचे, कुणी शिवी हासडायचं. आता जुलैच्या २२ तारखेपासून मेलबर्नमध्ये मास्क नसेल तर दोनशे डॉलर दंड आहे. या दोन्हीच्या मध्ये त्या मुलांची कुणी माफी मागितल्याचं मी ऐकलेलं नाही.

आपण फार वेगळे आहोत असं समजू नकोस. याच मार्चमध्ये मुंबई-पुण्यात मणिपूर, नागालँडच्या मुलामुलींना ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या गेल्या. एप्रिलमध्ये मुंबईत तर एका मुलीवर थुंकण्यापर्यंत मजल गेली. ती आपल्याच देशाची मुलगी होती. मला त्याची अजून लाज वाटते.

पैशांबद्दल मामाला एवढं सांग. चीनमध्ये १९८० पासून २०१५ पर्यंत एकच मूल असा नियम होता. मेईच्या पिढीतली शहरातली बहुतेक मुलं एकुलती एक आहेत. दोन आईवडील आणि चार आजीआजोबा, सहा माणसांची सगळी पुंजी आणि सगळी आस एका मुलीवर लागलेली. काही घरं खरंच श्रीमंत असतात. बरीचशी नसतात. फीसाठी साठवलेलं मोडलेलं असतं, कधी घर विकलेलं असतं. ऑनलाइन लेक्चरला फी मात्र पूर्ण. आता ती लिपस्टिक लावून हसते ते परत वाच. ती नाटक करते हे मामाचं खरं आहे, पण ते तुझ्यासाठी नाही. सहा माणसांना रात्री झोप लागावी म्हणून तिने रोज अर्धा तास उभं केलेलं ते हसू आहे. तू सांगलीला फोन करताना कॅफेतलं काम गेल्याचं पहिल्या दिवशी सांगितलं होतंस का? आपल्याकडची परदेशी गेलेली मुलंही हेच करतात.

फोनचं प्रकरण मिटलं की लगेच तिला ‘बोलती’ करायला जाऊ नकोस. विषाणू कुठून आला, तुमचं सरकार असं का वागतं, हे तर अजिबात विचारू नकोस. सहा महिने ती एका देशाच्या वतीने जाब देत असल्यासारखी जगते आहे, घरात तरी तिला त्यातून सुटका मिळू दे. लॉकडाऊनच्या चौथ्या, सगळ्यात कडक टप्प्याच्या नियमांतही दिवसातून तासभर, पाच किलोमीटरच्या आत फिरायला परवानगी आहे आणि दोघींनी मिळून गेलेलं चालतं. रोज एक वेळ ठरव. ‘मी चारला प्रिन्सेस पार्ककडे निघते, येतेस का?’ एवढंच. तिने नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच विचार, तोंड न पाडता. रस्त्यावर तिच्या शेजारी कुणीतरी चालतं आहे याचा तिला किती आधार वाटेल, ते तुला मास्कच्या वरच्या तिच्या डोळ्यांत दिसेल.

रात्री ती जे उकळून खाते ती बहुधा तांदळाची पेज असेल. सिचुआनकडे ती मुरवलेल्या भाजीबरोबर खातात, आपल्याकडे कोकणात मेतकूट-लोणच्याबरोबर. एखाद्या संध्याकाळी आठ वाजता, ती बाहेर यायच्या आधी, तूच मोठं पातेलंभर करून ठेव आणि निरोप टाक. तिखट लोणचं असेल तर बाहेर काढ. सिचुआनची माणसं सांगलीच्या तिखटाला घाबरत नाहीत.

लेक्चरं बुडाली त्याचाही मार्ग आहे. परीक्षा आणि असाइनमेंटसाठी विशेष सवलतीचा अर्ज करता येतो, पण मुदतीत. विषय सोडायचा झाला तर आधी परदेशी विद्यार्थ्यांच्या सल्लागाराला विचारायला सांग, कारण त्याचा व्हिसाशी संबंध येऊ शकतो. विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जायला ती कचरेल. मन आजारी असल्याचं बोलणं तिच्या घरी, आपल्या घरांसारखंच, सहजासहजी होत नाही. शिवाय हे कुठे नोंदलं जाईल ही भीती. ती नोंद गोपनीय राहते, जिवाला धोका असेल किंवा कायद्याने भागच पडलं तरच ते पुढे कळवतात. इंग्रजीत रडता येत नसेल तर १३१ ४५० या दुभाषा सेवेवरून मँडरिन बोलणारं माणूस जोडून मिळतं. आणि ती ‘मी नसते तर बरं’ अशा अर्थाचं काही बोलली, तर तुझ्या अंदाजावर विसंबू नकोस. लाइफलाइन या हेल्पलाइनचा नंबर १३ ११ १४, आणि लगेच धोका वाटला तर ०००.

आईशी बोलताना तिला गप्प करायचा प्रयत्न करू नकोस. जूनमध्ये गलवानला आपले वीस जवान गेले. तिचा संताप खरा आहे, आणि चीन म्हटल्यावर तिला ते आठवणारच. पण तिला विचार, आपल्या ओळखीतलं कुणी चीनला एमबीबीएस करायला गेलेलं नाही का? महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतली मुलं गेली आहेत. फेब्रुवारीच्या पहिल्या दोन दिवसांत एअर इंडियाची दोन विमानं वुहानहून भारतीयांना घेऊन आली, त्यात बरेचसे विद्यार्थीच होते. आता २८ मार्चपासून चीनने परदेशी लोकांना येऊ देणं थांबवलं आहे आणि ही मुलं घरी बसून मोबाइलवर शरीररचनाशास्त्र शिकताहेत. तिकडे असताना त्यांच्याशी कुणी कसं वागावं असं आईला वाटलं असतं, तेवढंच तिला विचार. लगेच उत्तर मागू नकोस. संसर्गाची भीती असेल तर मेई मार्चपासून तुझ्याइतकीच मेलबर्नमध्ये आहे, हे पुरेसं आहे.

राहता राहिला तुझा राग. तो येणारच. एकाच छताखाली राहून कुणी तुला दिसेनासं होतं तेव्हा माणूस दुखावतं. तू तिची डॉक्टर नाहीस, आई नाहीस, आणि चोवीस तास पहारा देणं तुझं काम नाही. फोनचं निस्तरून, विद्यापीठाला कळवून, तिला मदतीपर्यंत पोचवून झाल्यावरही त्या घरात तुझा जीव गुदमरत असेल, तर भाडेकरार संपेल तेव्हा जरूर घर बदल. तेव्हा त्याचं कारण तुझी स्वतःची गरज असेल, मामाचं म्हणणं किंवा सीमेवरचं भांडण नसेल, आणि तू ते मेईला तोंडावर सांगू शकशील. माझं मत विचारशील तर या महिन्यात सोडू नकोस. चौथा टप्पा चालू असताना नवीन घर शोधणं तुलाच जड जाईल, आणि त्या मुलीजवळ या घडीला दुसरं कुणी नाही.

आणि तुझी स्वतःची एक गोष्ट पत्रात अर्ध्या वाक्यात गेली आहे: कॅफेतलं काम. व्हिक्टोरिया राज्याने एप्रिलअखेरीस परदेशी विद्यार्थ्यांसाठी मदतनिधी जाहीर केला, काम गेलेल्यांना ११०० डॉलरपर्यंत एकरकमी. तू अर्ज केल्याचं कुठे दिसत नाही. विद्यापीठाच्या विद्यार्थी-साहाय्य विभागाला उद्याच ईमेल कर, आणि भाडं थकलं असेल तर तेही त्यात लिही.